केळी खरेदीचं ॲप आणि दर फोनला नवी मागणी: अजाइलमध्ये ग्राहकाचं ऐकायचं तरी किती?

नवखा_जळगावचा

नमस्कार मंडळी. जळगावात एका छोट्या टीममध्ये आहे. दोन डेव्हलपर, टेस्टिंग आणि सपोर्ट मिळून एक जण, आणि क्लायंटशी बोलणारे आमचे सर. सध्याचं काम रावेर तालुक्यातल्या एका केळी व्यापाऱ्याचं. बागेत काट्यावर वजन घ्यायचं, नवती (नव्या लागवडीचा माल), पिलबाग (पिलांवरचा, म्हणजे खोडव्याचा माल) आणि वापसीला (कमी प्रतीचा माल) वेगवेगळा भाव लावायचा, कटती (वजनातून कापायची घट) वजा करायची, शेतकऱ्याला पावती द्यायची, आधी उचल दिली असेल तर ती खात्यात वळती करायची आणि संध्याकाळी पेढीवर दिवसाचा हिशोब दिसला पाहिजे. बागेत मोबाइल ॲप, पेढीवर वेब. रक्कम आधीच ठरलेली, मुदत तीन महिने.

कॉलेजात वॉटरफॉल शिकलो, म्हणजे आधी सगळं ठरवून एकेक टप्पा उरकायचा; इथे अजाइल म्हणतात, थोडं थोडं करून ग्राहकाला दाखवत जायचं. दोन आठवड्यांचा स्प्रिंट (कामाचा ठरलेला टप्पा) आहे, सकाळी उभं राहून बोलणं होतं, बोर्डावर चिठ्ठ्या आहेत. तरी गाडी अडते. शेठजींचा फोन आला की नवी मागणी, आणि सर म्हणतात, अजाइल आहे ना, घ्या मग. डेमो दाखवला की शेठजी म्हणतात, "चांगलं हाये, चालीन भो." आठवड्याने मुनीमजी म्हणतात, हे आम्हाला नकोच होतं.

तर बदल कधी घ्यायचा आणि कधी नाही? ग्राहकाला काय दाखवायचं, कुठे आणि कोणाला? स्टोरी पॉइंट (कामाचा आकार सांगणारे आकडे) लागतातच का? आणि अजाइलमध्ये कागदपत्रं करायची नसतात, हे खरं का? नवीन आहे, जरा खुलासेवार सांगा.

तापीकाठ

भाऊ, आधी अजाइल आणि स्क्रम वेगळे करून घ्या, निम्मा गोंधळ तिथे आहे.

अजाइल म्हणजे कामाकडे बघायची दृष्टी. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत युटा राज्यातल्या स्नोबर्ड इथे १७ जणांनी मिळून तो जाहीरनामा काढला. त्यात चार मूल्यं आहेत आणि त्याला जोडून बारा तत्त्वं. प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसं आणि त्यांचं आपसातलं बोलणं. जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर. कराराच्या घासाघिशीपेक्षा ग्राहकाबरोबर काम. आखलेल्या योजनेला चिकटण्यापेक्षा बदलाला दाद देणं. खाली स्पष्ट लिहिलंय की दुसऱ्या बाजूच्या गोष्टींनाही किंमत आहे, फक्त पहिल्या बाजूच्यांना जास्त. हे शेवटचं वाक्य लोक वाचतच नाहीत. म्हणून "कागदपत्रं नकोत" असा अर्थ निघतो. कटतीचा हिशोब कसा होतो, राउंडिंग (आकडा पूर्ण करणं) कुठे होतं, उचल कोणत्या क्रमाने वळती होते, एवढं दोन पानांत लिहिलेलं पाहिजेच. दोनशे पानांचं कोणी न वाचलेलं बाड नको, इतकंच.

वॉटरफॉलचंही असंच झालंय. ज्या १९७० च्या निबंधातून ते चित्र आलं असं मानतात, त्यात विन्स्टन रॉइस यांनी स्वतःच ही सरळ उतरण धोक्याची आहे असं लिहून मागे वळणारे बाण काढले होते. पुस्तकांत मात्र पहिलंच चित्र उरलं.

स्क्रम ही चालवायची पद्धत. केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांच्या स्क्रम गाइडची सध्याची आवृत्ती नोव्हेंबर २०२० ची आहे. पानं मोजकी आहेत, एका बैठकीत वाचून होतात, तेव्हा ऐकीव माहितीवर राहू नका. त्यात स्प्रिंट एक महिना किंवा त्याहून कमी. महिन्याच्या स्प्रिंटला प्लॅनिंग जास्तीत जास्त ८ तास, रिव्ह्यू (झालेलं काम दाखवणं) ४ तास, रेट्रो (काम कसं झालं यावर टीमची चर्चा) ३ तास, आणि रोजची सभा १५ मिनिटं. तुमचा स्प्रिंट दोन आठवड्यांचा, म्हणजे साधारण निम्मं धरा.

आता बदल कधी घ्यायचा. बॅकलॉग, म्हणजे करायच्या कामांची यादी, रोज बदलली तरी चालते, ती बदलायलाच आहे. चालू स्प्रिंटचं ध्येय मात्र धोक्यात येईल असा बदल स्प्रिंट सुरू असताना करायचा नाही. "काट्यावर एका शेतकऱ्याची पावती पूर्ण निघाली पाहिजे" हे ध्येय असेल आणि बुधवारी फोन आला की पेढीच्या रिपोर्टमध्ये आलेख पाहिजे, तर ती चिठ्ठी बॅकलॉगमध्ये गेली. तो आलेख महत्त्वाचा नाही असं कोणी म्हणत नाही. त्याचा नंबर पुढच्या प्लॅनिंगला लागेल. उलट, मुनीमजींनी सांगितलं की वापसीवर कटती धरतच नाहीत, तर ते ध्येयाच्या आतलं आहे. ते आत्ताच घ्या आणि त्यासाठी दुसरं काहीतरी हलवा.

"सर म्हणतात घ्या" यावर औषध एकच: प्रॉडक्ट ओनर, म्हणजे कामांचा क्रम ठरवणारा, एकच माणूस. स्क्रममध्ये ती समिती नसते. तुमच्याकडे तो बहुतेक सरांनाच व्हावं लागेल. मग शेठ, मुनीम, शेठचा मुलगा, कोणीही काही मागो, ते सरांच्या यादीत जाणार आणि क्रम सर लावणार. डेव्हलपरला थेट फोन आला तर उत्तर नम्र आणि ठरलेलं: "लिहून घेतलं, सरांशी बोलून सांगतो."

काटापावती

वरचं बरोबर आहे, पण मूळ दुखणं "चालीन भो" हे आहे. त्यावर लिहितो.

शेठजी ॲप वापरणार नाहीत. वापरणार काट्यावरचा माणूस आणि पेढीवरचा मुनीम. पैसे देणारा आणि वापरणारा वेगळा असला की पैसे देणाऱ्याचा होकार हा अभिप्राय नसतो, तो सौजन्याचा भाग असतो. समोर बसून पोरांनी केलेलं काम वाईट कोण म्हणेल? म्हणून शेठजींकडून क्रम आणि पैसा या दोन गोष्टी विचारा, आणि वापर बाकीच्यांच्या हातात बघा. बघा म्हणतोय, विचारा म्हणत नाही.

डेमो ऑफिसच्या लॅपटॉपवर नको. फोन घेऊन बागेत, काट्याजवळ. तिथे ज्या गोष्टी कळतात त्या मीटिंगमध्ये कधीच कळत नाहीत. उन्हात फिकट राखाडी अक्षरं दिसतच नाहीत. हाताला केळीचा चीक लागलेला असतो, बोट स्क्रीनवर नीट टेकत नाही, म्हणजे बटणं मोठी आणि लांब लांब हवीत. नेटवर्क असेलच याचा भरवसा नाही, म्हणजे पावती फोनवरच तयार झाली पाहिजे आणि रेंज आल्यावर पेढीवर गेली पाहिजे. त्यासाठी प्रत्येक पावतीला फोनवरच कायमचा वेगळा ओळखक्रमांक द्या, सर्व्हरने द्यायची वाट बघू नका. नाहीतर रेंज अर्धवट असताना तीच पावती दोनदा चढते आणि शेतकऱ्याच्या खात्यात दुप्पट रक्कम दिसते. छापील नंबर फोनप्रमाणे वेगळ्या मालिकेत ठेवा, दोन काट्यांचे नंबर एकमेकांत मिसळत नाहीत.

पहिल्या स्प्रिंटमध्ये लॉगिन, सेटिंग, शेतकरी मास्टर, गाव मास्टर, भाव मास्टर (मास्टर म्हणजे एकदाच भरून ठेवायची यादी) असं करत बसू नका. नवे लोक हमखास हेच करतात, कारण ते सोपं असतं आणि काम केल्यासारखं वाटतं. दोन आठवड्यांनी ग्राहकाला दाखवायला काय, तर पाच रिकामे फॉर्म. त्यावर तो काय सांगणार? त्याऐवजी एक पातळ काप वरपासून खालपर्यंत घ्या: शेतकऱ्याचं नाव हाताने टाइप केलेलं, भाव हाताने टाकलेला, वजनं टाकली, पावती निघाली, पेढीवर दिसली. भावाचा मास्टर नंतर येईल. या कापावर मुनीमजी जे बोलतील ते खरं.

आणि "कसं वाटलं?" हा प्रश्न बंद करा. काम द्या. "हा शेतकरी, १२ वजनं, त्यातली ३ पिलबागची, एक चुकून टाकलंय ते काढा, पावती द्या." मग गप्प बसा. हे सगळ्यात अवघड असतं, बोट पुढे जातंच. कुठे थांबला, कुठे परत मागे गेला, कुठे शेजारच्याला विचारलं, तेवढं लिहा. नोंदीत चार गोष्टी पुरतात: कोण, कुठल्या स्क्रीनवर, काय झालं आणि किती जणांना झालं. "बटण हिरवं करा" हा उपाय झाला. "सेव्ह झालं की नाही ते कळेना म्हणून तीनदा दाबलं" ही अडचण आहे. अडचण लिहा, उपाय टीम शोधेल.

किती जणांवर बघायचं? वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांचा पाच जणांचा नियम प्रसिद्ध आहे: पाच वापरकर्त्यांत साधारण ८५ टक्के अडचणी दिसतात. तो हिशोब एका माणसाला सरासरी ३१ टक्के अडचणी सापडतात या गृहीतावर उभा आहे, आणि पाचही जण एकाच प्रकारचं काम करणारे हवेत. काट्यावरचे तीन आणि पेढीवरचे दोन म्हणजे पाच नव्हेत. तुमच्या ग्राहकाकडे एवढी माणसं नसतील तर एका वेळी दोघांवर बघा, दुरुस्त करा, पुढच्या स्प्रिंटला पुन्हा बघा.

आता सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित साधन: जुनं पावतीपुस्तक. मुनीमजींकडून भरलेल्या ३०-४० पावत्यांचे फोटो मागा, शेतकऱ्याचं नाव आणि खातेनंबर झाकून. त्या जशाच्या तशा ॲपमध्ये भरा आणि शेवटची रक्कम जुळते का बघा. खाडाखोड कुठे आहे, समासात काय लिहिलंय, कोणत्या रकान्यात भलतंच काही भरलंय, तिथे तुमच्या न लिहिलेल्या मागण्या आहेत. नियम विचारला तर मुनीम सरळ नियम सांगतो. अपवाद कागदावर असतात.

एक उदाहरण घेऊन बघा. समजा वजन १,८४६ किलो, कटती २ टक्के, भाव १,४५० रुपये क्विंटल. कटती ३६.९२ किलो धरली तर निव्वळ १,८०९.०८ किलो आणि रक्कम २६,२३१.६६ रुपये. पण पेढीवर कटती पूर्ण किलोत धरत असतील तर ३७ किलो, निव्वळ १,८०९ आणि रक्कम २६,२३०.५०. फरक १ रुपया १६ पैशांचा. रक्कम क्षुल्लक आहे, पण मुनीमजींच्या वहीशी ॲप जुळलं नाही की त्यांचा विश्वास उडतो आणि मग बाकी सगळं बरोबर असूनही "यात घोळ आहे" हेच राहतं. दोन्ही उत्तरं गणिताने बरोबर आहेत, पेढीची पद्धत कोणती ते विचारल्याशिवाय कळणार नाही. साठवताना वजन ग्रॅममध्ये आणि पैसा पैशांत, पूर्णांकात ठेवा. दशांशाच्या फ्लोटमध्ये (या प्रकारात अपूर्णांक अंदाजे साठतात) ठेवलं तर बेरजा पुढे कुठेतरी पैशाने चुकणार.

चिठ्ठी लिहायची ती अशी: "काट्यावरच्या माणसाला एका शेतकऱ्याची सगळी वजनं ओळीने टाकता यावीत, म्हणजे बेरीज हाताने करावी लागणार नाही." आणि मागच्या बाजूला कधी झालं म्हणायचं ते: ४० वजनं टाकली तरी शेवटचं वजन आणि चालू बेरीज समोर दिसते, चुकीचं वजन खोडता येतं पण खोडल्याची नोंद राहते, फोन बंद पडून सुरू झाला तरी अर्धी पावती जागेवर असते. ही मागची बाजू लिहिताना मुनीमजी फोनवर तरी हवेतच.

भुसावळ_लूपलाइन

पैशाचं कोणी बोललं नाही. रक्कम ठरलेली, मुदत ठरलेली, आणि कामही ठरलेलं असेल तर अजाइलला जागाच उरत नाही. तिन्हीतलं एक सैल पाहिजे. रक्कम आणि मुदत पक्की ठेवा, यादी सैल ठेवा, आणि हे करारात लिहा. नवं काम आत आलं की तेवढ्याच आकाराचं जुनं बाहेर, आणि बाहेर काय काढायचं ते शेठजी ठरवतील. व्यापारी माणसाला ही भाषा लगेच समजते, भीती विनाकारण आपल्याला असते. "होईल" म्हणून गप्प बसायचं आणि शेवटच्या महिन्यात रात्री जागवायच्या, याने बिघडतं.

आकार काढायला आधी हातात किती वेळ आहे ते बघा. २ डेव्हलपर, १० कामाचे दिवस, म्हणजे २० माणूसदिवस. सभा आणि प्लॅनिंगचा प्रत्येकी एक दिवस काढा, १८ राहिले. दिवसाला खरे कामाचे तास ५ धरा, ८ धरू नका; झाले ९० तास. त्यातला पाचवा भाग बग आणि फोनसाठी बाजूला, उरले ७२. स्प्रिंटमध्ये एवढंच भरा. तीन महिन्यांत सहा स्प्रिंट होतात, पण नव्या कामासाठी पाचच मोजा. सहावा वापरातल्या दुरुस्त्यांना लागतोच.

यादीचे चार गट करा: लागणारच, हवं, असलं तर बरं, आत्ता नाही. शेठजींना विचारलं तर सगळं पहिल्या गटात जाईल. म्हणून डीएसडीएम या अजाइल पद्धतीत सांगतात ती मर्यादा आधीच सांगा: "लागणारच" गटात एकूण कामाच्या ६० टक्क्यांहून जास्त भरायचं नाही. मग आपोआप कात्री लागते.

तातडीची व्याख्याही आधी करून ठेवा. आज वजन, रक्कम किंवा पावती चुकते आहे किंवा काम थांबलंय, तर हातातलं सोडून ते. बाकी काहीही, आवाज कितीही चढलेला असो, यादीत.

स्टोरी पॉइंट लागत नाहीत. स्क्रम गाइडमध्ये ते नाहीतच. २००२ मध्ये जेम्स ग्रेनिंग यांनी प्लॅनिंग पोकर मांडला (प्रत्येकाने कामाच्या आकाराचा आकडा पत्त्यावर एकदम दाखवायचा), तो उपयोगी आहे पण आकड्यासाठी नव्हे. एकाने ३ आणि दुसऱ्याने १३ दाखवला की दोघांच्या डोक्यात काम वेगळं आहे हे कोड लिहायच्या आधी कळतं, फायदा तेवढाच. दोघांच्या टीममध्ये तासांत अंदाज बांधा किंवा सरळ चिठ्ठ्या मोजा, फक्त चिठ्ठी दोन दिवसांहून मोठी नको. मोठी असेल तर फोडा.

अमळनेर_बॅकएंड

दोन डेव्हलपरला एवढा स्क्रमचा थाट कशाला? कानबान लावा. बोर्डावर एका वेळी "चालू" रकान्यात तीनच चिठ्ठ्या, एक बाहेर गेल्याशिवाय दुसरी आत नाही. ग्राहकाला दर शुक्रवारी दाखवा. संपलं.

तापीकाठ

@अमळनेर_बॅकएंड, ॲप वापरात आल्यावर कानबानच बरं, मान्य. पण पहिले तीन महिने नव्या माणसाला स्प्रिंटचं कुंपण कामी येतं. सरांना "या दोन आठवड्यांत नाही" म्हणायला एक आधार मिळतो. कानबानमध्ये क्रम रोज बदलता येतो, आणि जिथे क्रम बदलणारा माणूस प्रत्येक फोनला हलतो तिथे तेच नको असतं.

नवखा_जळगावचा

खूप आभार सगळ्यांचे. पावतीपुस्तकाचं डोक्यातच आलं नव्हतं, सोमवारीच मागतो.

अजून विचारू का? शेठजींचा मुलगा व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट टाकतो, कधी चार-चार मिनिटांच्या, एकीत पाच मागण्या. त्यांचं काय करायचं? आणि बोर्डावर "झालं" म्हणून गेलेली चिठ्ठी बागेत गेली की परत येते. आमच्या मते झालेलं, त्यांच्या मते नाही.

यावल_टेस्टर

"झालं" कशाला म्हणायचं ते लिहून बोर्डावर चिकटवा. स्क्रममध्ये त्याला डेफिनिशन ऑफ डन म्हणतात. तुमच्या कामाला हे पुरेल: दुसऱ्या डेव्हलपरने कोड बघितला, ग्राहकाकडे आहे त्याच स्वस्तातल्या फोनवर चाललं, तुमच्या भारी फोनवर नव्हे, एअरप्लेन मोडवर पावती निघाली आणि रेंज आल्यावर एकदाच चढली, जुन्या पावत्यांची रक्कम जुळली, मराठी नावं छापून दिसली, आवृत्तीचा नंबर पावतीच्या तळाशी आला. शेवटचं फालतू वाटेल, पण तक्रारीचा फोटो आला की कोणत्या आवृत्तीतली पावती आहे ते न विचारता कळतं. यातलं एक जरी राहिलं तरी चिठ्ठी "झालं" मध्ये जात नाही. "९० टक्के झालं" असा रकाना नसतो.

बागेत पाठवताना सगळ्या काट्यांवर एकदम टाकू नका. आधी एक काटा, एक आठवडा, आणि त्या आठवड्यात कार्बनचं पावतीपुस्तकही सोबत चालू. संध्याकाळी दोन्हीच्या बेरजा समोरासमोर ठेवा. काट्यावरचा माणूस कुरकुर करणार, दुप्पट काम आहे हो ते. म्हणून आठवड्याच्या वर ताणू नका. सलग तीन दिवस बेरजा जुळल्या की दुसऱ्या काट्यावर. कापणी जोरात असते त्या आठवड्यांत नवं काही पाठवायचं नाही, फक्त दुरुस्ती. कांदेबाग आणि मृगबागेची (लागवडीच्या हंगामावरून पडलेली नावं) तोड त्यांच्याकडे कधी जोर धरते ते मुनीमजींना विचारून कॅलेंडरवर आत्ताच खुणा करा. मागची आवृत्ती परत टाकायची सोय आधी करून बघितलेली हवी, आणि परत टाकल्यावर फोनवरच्या न चढलेल्या पावत्या शाबूत राहतात का ते मुद्दाम तपासा. ॲप काढून पुन्हा टाकलं की फोनवरचा डेटा जातो. हे नव्या टीमच्या ध्यानात येत नाही आणि दिवसभराची खरेदी बुडते.

व्हॉइस नोटचं म्हणाल तर, ऐकून कोणी डोक्यात ठेवायची नाही. एका माणसाने त्याच दिवशी लिहून काढायची, एक मागणी एक ओळ, आणि त्याच ग्रुपवर परत टाकायची: "आम्ही असं समजलो, बरोबर का?" खाली विचारायचं, यातलं सगळ्यात आधी कोणतं. पाचातल्या दोन मागण्या तिथेच गळतात, कारण लिहिलेल्या दिसल्या की त्यांचं त्यांनाच वाटतं, हे राहू द्या. उत्तर येईपर्यंत चिठ्ठ्या "विचारायचं आहे" रकान्यात. आणि ग्रुपवर शेतकऱ्यांच्या बँक खात्याचे स्क्रीनशॉट फिरत असतील तर ते आजच बंद करा. तक्रारीला पावतीचा नंबर पुरतो.

काटापावती

एक माणूस सगळ्यांच्या बोलण्यातून निसटलाय: शेतकरी. त्याच्या हातात ॲप नसतं, पावती असते, आणि पेढीवर येऊन भांडतो तोही पावती दाखवूनच. म्हणजे पावती ही त्याची स्क्रीन आहे. एक-दोन शेतकऱ्यांना पावती देऊन विचारा, "यात तुमचे किती पैसे झाले आणि कटती किती गेली, दाखवा बरं." बोट लगेच पडलं पाहिजे. शेठजी म्हणतील कटतीची ओळ नको, थेट निव्वळ वजन छापा. तिथे सरांनी जरा जोर लावावा. एकूण वजन, कटती, निव्वळ, भाव, उचल वळती आणि बाकी, हे सुटं छापलं तर पेढीवरची भांडणं कमी होतात आणि त्यात शेठजींचाच फायदा आहे. ग्राहकाचं सगळं ऐकायचं असतं, सगळं करायचं असतं असं नाही.

नवखा_जळगावचा

पटलं. पावतीवरून आठवलं, २ इंची ब्लूटूथ प्रिंटर आहे, इंग्रजी नीट येतं पण मराठी नावाच्या जागी चौकोन आणि भलतीच चिन्हं. पहिली तक्रार तीच आहे. प्रिंटर बदलायला सांगू का?

अमळनेर_बॅकएंड

बदलू नका, स्वस्तातल्या दुसऱ्यातही बहुधा तेच होईल. या प्रिंटरमध्ये देवनागरीचा फॉन्टच नसतो, आणि असला तरी जोडाक्षरं नि वेलांट्या जागेवर बसत नाहीत. मजकूर म्हणून पाठवूच नका, चित्र म्हणून पाठवा. ५८ मिमीच्या कागदावर छपाईची रुंदी ४८ मिमी, मिलिमीटरला ८ ठिपके, म्हणजे ३८४ ठिपके. अँड्रॉइडवर ३८४ पिक्सेल रुंदीच्या कॅनव्हासवर नोटो सान्स देवनागरी या फॉन्टमध्ये पूर्ण पावती काढा, अक्षर २४ पिक्सेलच्या खाली नको. मग निव्वळ काळं-पांढरं करा, कडांचा राखाडीपणा काढून टाका, नाहीतर अक्षरं फुटकी येतात. एका ओळीचे ४८ बाइट होतात. रास्टर कमांडने (चित्र ठिपक्यांच्या ओळींत छापायची आज्ञा) १००-२०० ओळींचे तुकडे करून पाठवा आणि दोन तुकड्यांमध्ये थोडा दम घ्या. एकदम पाठवलं तर प्रिंटरचा बफर (तात्पुरती साठवण) भरतो आणि पावतीच्या मधल्या ओळी गायब होतात. छपाई मजकुरापेक्षा हळू होईल, तेव्हा वरचा मोठा लोगो काढा. आकडे मराठी हवेत की इंग्रजी ते मुनीमजींना विचारा, सरांना नको.